चारशे विजारींची वेबसाईट

मी एक जुना टेप आहे. शिंप्याच्या गळ्यात लोंबतो ना, तोच. मित्रांनो, जन्मलो तेव्हा मी पुरता साठ इंचांचा होतो. पुढे पहिला इंच झिजून झिजून गळून पडला. पण म्हणून 'याचा एक इंच कमी आहे' असं कुणी म्हटलेलं मला खपत नाही. मास्तर आलेल्या मापातून एक वजा करतात आणि काम चोख होतं. तुमच्यापैकी किती जणांकडे सगळं पुरतं आहे ते आधी सांगा, मग माझ्या इंचाबद्दल बोला.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पिवळं कापड, त्यावर लेप आणि लेपावर काळे आकडे. एका अंगाला इंच छापले, दुसऱ्या अंगाला सेंटिमीटर. आमचे मास्तर इंचांखेरीज कशाकडे ढुंकून बघत नाहीत, त्यामुळे माझी अर्धी विद्या जन्मभर पाठीवर पडून राहिली. असो. दुकानातल्या पुठ्ठ्याच्या डब्यात मी गुंडाळून पडलो होतो, तेव्हा एका तरुण माणसाने मला उचललं, दोन्ही हातांनी करकचून ताणून पाहिलं आणि विकत घेतलं. तेच हे मास्तर. तेव्हा त्यांचे केस काळे होते आणि माझे आकडेही.

त्यांनी माझ्याकडून पहिलं माप घेतलं ते त्यांच्या थोरल्या बहिणीचं. तिला सगळे अक्का म्हणतात. अक्कांचा डावा खांदा उजव्यापेक्षा पावणेदोन इंच खाली आहे, जन्मापासूनच. बाजारातला तयार कपडा त्यांच्या अंगावर नुसता एका बाजूला घसरायचा. मास्तर शिवणकाम शिकले ते मुळात एवढ्यासाठी. त्यांनी अक्कांना एक जाकीट शिवलं. डाव्या खांद्यात कापूस भरून उंची सारखी करता आली असती. लोकांनी तसं सुचवलंही. मास्तर म्हणाले, लपवायचं नाही, बसवायचं. आणि जाकीट असं बसलं की अक्का त्या दिवशी उगाचच चार वेळा बाजारात जाऊन आल्या.

मग काय विचारता! ज्यांच्या अंगाला बाजारातलं माप होत नाही अशी सगळी माणसं आमच्याकडे येऊ लागली. कुणाचा एक पाय आखूड, कुणाच्या पाठीला बाक, कुणाला एकच हात, कुणाचं पोट माझ्या शेवटच्या आकड्यालाही दाद देईना. मी सगळ्यांना वेढा घातला. मास्तर बेतायचे, कापायचे, मशीन मारायचे. अक्का खिडकीशी बसून काजं करायच्या, बटणं लावायच्या आणि तयार झालेला प्रत्येक कपडा उलटा करून शिवण न् शिवण तपासायच्या. वरून सगळेच गोरेगोमटे दिसतात, असं त्या म्हणतात. त्यांच्या हातून सुटलेला कपडा परत आलाय असं मला तरी आठवत नाही.

आता मास्तरांची एक खोड सांगतो. सांगणं भाग आहे, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यामुळेच घडलं. माणूस दारात आला की मास्तर त्याला एकदा खालपासून वरपर्यंत बघतात, आणि त्यांचं बोलणंसुद्धा त्याच्याच अंगाचं होऊन जातं. बारीक माणसाशी बारीक बोलतील, मोजकं, काटकसरीचं. जाड्या माणसासमोर त्यांची वाणी अशी ऐसपैस सुटते की विचारू नका. तीस वर्षं गिऱ्हाइकाच्या अंगाप्रमाणे बेतत आले, त्यात जीभही बेतली गेली. कपडे शिवताना ही खोड फार उपयोगी पडते. इतर ठिकाणी तिने घात होतो.

हळूहळू दिवस पालटले. समोर तयार कपड्यांची दुकानं आली, काचेची, थंड हवेची. मी दिवसाचे चार-चार तास खिळ्यावर टांगून पडू लागलो. खायला काळ आणि भुईला भार म्हणतात तसं झालं. भुईला नाही, खिळ्याला. त्यातच मास्तरांना एका कारखान्यातून पत्र आलं. कटिंगसाठी अनुभवी माणूस हवा आहे, पगार बांधलेला, महिनाअखेरपर्यंत कळवा. जागा एकाच माणसाची होती. काजं तिथे यंत्र करतं.

मास्तरांनी ते पत्र कटिंगच्या टेबलाच्या खणात सरकवलं आणि अक्कांना एका शब्दाने सांगितलं नाही. आता त्या खणात रोज संध्याकाळी कात्री कोण ठेवतं? अक्काच. त्यांनी पत्र वाचलेलं मी खिळ्यावरून बघितलं. त्यांनी ते घडी करून होतं तिथेच परत ठेवलं. पण त्या आठवड्यातली त्यांची सगळी काजं इतकी घट्ट झाली की बटण आत जाईना. दुकान बंद झालं तर मास्तरांना कारखाना होता. अक्कांना काय होतं? सुई धरलेली माणसं घरी बसून काय करतात, ते मला माहीत नाही. मला फार वाईट वाटत होतं.

वेबसाईटचं खूळ आणलं ते पोस्टमनने. त्याचा उजवा पाय आखूड, त्याच्या सगळ्या विजारी आमच्याच हातच्या. तो म्हणाला, परगावच्या एका बाईने माझी विजार बघून पत्ता विचारला, मी सांगितला, पण ज्यांना मी भेटत नाही त्यांना कोण सांगणार? मास्तर, वेबसाईट काढा. आधी तीन-चार ठिकाणी भाव विचारा, कोटेशनं मागवा, ताडून बघा. मास्तरांना ते पटलं. पुंजी म्हणाल तर एकदाच खर्च करता येईल एवढी होती. मास्तर कुठलीही रक्कम विजारींच्या शिलाईत मोजतात. तशी ती भरली एकशेवीस विजारी. ती गेली आणि गिऱ्हाईक आलं नाही, तर महिनाअखेरीला कारखाना.

वेबसाईट करणाऱ्यांपैकी पहिला आला तो इतका बारीक की मी त्याच्या कमरेला दोनदा वेढा घालून वर गाठ मारू शकलो असतो. आम्ही त्याचं नाव काडी ठेवलं. मास्तरांनी त्याला पाहिलं आणि आवाज लगेच आखडला. छोटीशीच करा, म्हणाले, अंगालगत. जास्त काही नको. एक पान पुरे. काडी खूश होऊन गेला आणि दुसऱ्याच दिवशी त्याचं कोटेशन आलं, अर्धा कागद. एक पान, तीन दिवस, वीस विजारी. पी हळद आणि हो गोरी.

दुसरे आले ते सूटवाले साहेब. कंबर अठ्ठेचाळीस, कमी नाहीच. ते खुर्चीत बसले आणि खुर्चीने तक्रार केली. मास्तरांचं तोंड लगेच मोकळं झालं. सैल असू द्या, ऐसपैस, पुढे वाढायला जागा ठेवा. साहेब म्हणाले, पाचशे कपड्यांचं ऑनलाइन दुकान ठेवू. मास्तर म्हणाले, ठेवा की. अॅप? असू दे. पाच भाषा? सहा करा. गिऱ्हाइकाशी आपोआप गप्पा मारणारं यंत्र? मास्तर म्हणाले, त्याशिवाय शोभा नाही. मी गळ्यात होतो. आवळावं असं फार वाटलं, पण आमच्या धर्मात ते बसत नाही. साहेबांचं कोटेशन चाळीस पानांचं आलं, गुळगुळीत कागद, वर सोनेरी अक्षरं. भाव चारशे विजारी.

तिसरी एक चष्मेवाली बाई. अंगाने बेताची, पण तिच्या कोटाच्या बाह्या लांब होत्या आणि तिने त्या दुमडून घेतल्या होत्या. झालं! तिने विचारलं, तुमचं गिऱ्हाईक कोण? मास्तर म्हणाले, दंड किती आहे तुमचा? तिने विचारलं, लोकांनी वेबसाईटवर येऊन नेमकं काय करावं असं वाटतं? मास्तर म्हणाले, हात जरा वाकवा. अर्धा तास अशी मुलाखत झाली. बाई दोन्ही बाह्या बरोबर करून घेऊन गेली आणि वेबसाईटबद्दल तिला कणभर काही कळलं नाही. तिचं कोटेशन दोन पानांचं होतं, त्यातलं दीड पान प्रश्नांचं. शेवटी लिहिलं होतं की तुम्ही अजून मला काहीच सांगितलेलं नाही, म्हणून एकशेदहा हा नुसता अंदाज आहे.

एका दुपारी मास्तरांनी कटिंगच्या टेबलावर तिन्ही कोटेशनं पसरली आणि ताडायला घेतली. मित्रांनो, मी हे सांगताना आजही लाजतो. त्यांनी मला गळ्यातून काढलं आणि कागदांची लांबी-रुंदी मोजली. साहेबांच्या चळतीची जाडीही मोजली, पाव इंच भरली. मग कागद चिमटीत धरून पोत पाहिला. मग उजेडाकडे धरून विणीत कुठे विरळ आहे का ते पाहिलं. साहेबांचा कागद सगळ्यात सरस निघाला. मास्तरांनी मान डोलावली आणि म्हणाले की माल भारी आहे, पुंजी कमी पडते, पण उरलेलं कुठून तरी उभं करू.

तेवढ्यात अक्का खिडकीतून उठल्या, चष्मा चढवला आणि साहेबांचं कोटेशन शेवटच्या पानापासून वाचायला लागल्या. आतली बाजू आधी. सदतिसाव्या पानावर अगदी बारीक टाक्याच्या अक्षरात लिहिलेलं त्यांना सापडलं: वेबसाईटचं नाव कंपनीच्या मालकीचं राहील, आणि दरवर्षी साठ विजारी भरल्या नाहीत तर ती बंद होईल. म्हणजे कपडा आपण शिवून घ्यायचा, पैसे आपण द्यायचे आणि बटणं त्यांच्या खिशात. मग त्यांनी काडीचा अर्धा कागद वाचला. त्यात फोन नंबरलाही जागा नव्हती. मग चष्मेवालीचे प्रश्न वाचले, एकेका प्रश्नावर बोट ठेवून, सावकाश. आणि मग भावाकडे बघितलं.

"बाळ्या," त्या म्हणाल्या. मास्तरांचे केस पिकले तरी त्या बाळ्याच म्हणतात. "काड्याला तू काड्याचं माप दिलंस, जाड्याला जाड्याचं. हे ज्याच्या त्याच्या अंगाचे कपडे आहेत. दुकानाचं माप कुणी घेतलं?"

मला तर वाटलं मीच उत्तर द्यावं, कारण मापाचा विषय माझा. तिघांना तीन वेगळी कामं सांगितली आणि भाव मात्र एकमेकांशी ताडत बसलो! विजार, ओव्हरकोट आणि रुमाल यांत स्वस्त काय, असं विचारण्यासारखंच की ते. मास्तरांनी कपाळावर हात मारून घेतला. तीस वर्षांत कुणाचं माप न घेता शिलाई सांगितली नाही, म्हणाले, आणि स्वतःच्या बाबतीत अक्कल गहाण ठेवली.

मग अक्कांनी मापाची वही काढली. नवं पान उघडलं आणि वर गिऱ्हाइकाच्या नावाच्या जागी लिहिलं, 'दुकान'. दोघं समोरासमोर बसले आणि दुकानाला मापं विचारू लागले. कुणासाठी? ज्यांना तयार कपडा बसत नाही आणि ज्यांना इथवर येता येत नाही त्यांच्यासाठी. काय हवं? घरच्या घरी माप कसं घ्यायचं ते चित्रांसकट. फोन नंबर मोठा. अक्षरं मोठी. काय नको? पाचशे कपडे नकोत, आपण एकावेळी एकच शिवतो. गप्पा मारणारं यंत्र नको. अक्का म्हणाल्या, घरात तू आहेस तेवढा पुरे. मग खालच्या रकान्यात त्यांनी शिवणकामाचेच सवाल घातले. कच्ची शिलाई दाखवणार का, म्हणजे अर्धं झाल्यावर ट्रायल? पुढे वाढवायचं झालं तर आत कापड सोडणार का? उसवलं तर दुरुस्ती कोण करणार, फुकट किती वेळा? पाटी, म्हणजे वेबसाईटचं नाव, कुणाच्या नावावर? तयार कधी? या पानाच्या तीन सारख्या नकला केल्या आणि तिघांना पाठवल्या. कुणाला एक शब्द कमी नाही, एक शब्द जास्त नाही.

आता बघा कशी गंमत झाली. साहेबांनी चारशेचे तीनशेचाळीस केले आणि कोटेशन आणखी जाड झालं. प्रश्नांची उत्तरं त्यात काही सापडली नाहीत. काडी स्वतः आला. पोरगा सरळ मनाचा निघाला. म्हणाला, पंचवीस विजारींत करून देईन, पण ट्रायल नाही, थेट तयार माल, आणि पुढच्या महिन्यात मी दुसऱ्या गावी नोकरीला चाललो, उसवलं तर मी नसेन. मास्तरांना ते इतकं आवडलं की त्याची घसरणारी विजार त्यांनी तिथल्या तिथे फुकट आत घेऊन दिली. चष्मेवालीने प्रत्येक ओळीपुढे उत्तर लिहिलं होतं. दोन ट्रायल, पाटी तुमच्या नावावर, वर्षभर दुरुस्ती, आणि तुम्ही मागितलेल्या दोन गोष्टींची तुम्हाला गरज नाही म्हणून त्या वगळून पंचाण्णव विजारी. अक्कांनी तिन्ही उत्तरं वहीत शेजारी शेजारी उतरवली. मग ताडायला फार वेळ लागला नाही.

चष्मेवाली कामाला लागली. तिने अगदी आधी विचारलं, उघडल्या उघडल्या फोटो कशाचा दिसावा? मास्तर म्हणाले, लाकडी पुतळ्यावर एक छान कोट घालू. मित्रांनो, अक्का घरातल्या प्रत्येक लग्नाच्या फोटोत मागच्या रांगेत असतात, कुणाच्या तरी डोक्याआड, डावी बाजू अंधारात. एवढ्या वर्षांत एकही फोटो असा नाही ज्यात त्या दोन्ही खांद्यांसकट आहेत.

त्यांनी काजाचा दोरा दाताने तोडला.

"माझा काढा," त्या म्हणाल्या. "समोरून. दोन्ही खांदे दिसले पाहिजेत. पुतळ्याला काय बसत नाही?"

मास्तर वळले आणि टेबलावरचा खडू झटकत बसले. टेबलावर खडू नव्हता. माझ्यावर दोन थेंब पडले, ते घामाचे नव्हते.

पहिली ट्रायल झाली त्या दिवशी मास्तर हट्टाला पेटले की वेबसाईटची उलटी बाजू दाखवा. चष्मेवाली हसली नाही. तिने खरंच आतलं लिखाण उघडून दाखवलं. मास्तरांना त्यातलं ओ की ठो कळलं नाही. पण बराच वेळ डोळे बारीक करून बघितल्यावर ते म्हणाले की ओळी सरळ आहेत, शिलाई बरी आहे. अक्कांनी मात्र एका जुन्या फोनवर ती उघडून बघितली, मुद्दाम चुकीची मापं भरून बघितली आणि तीन ठिकाणी उसवलेलं दाखवलं. बाईने निमूट दुरुस्त केलं. फोटोसाठी माझ्याऐवजी एक नवा कोरा टेप आणला होता, तेवढं मला लागलं. कानामागून आला आणि तिखट झाला. पण ते माझं खाजगी दुःख आहे.

वेबसाईट सुरू झाली आणि काहीच झालं नाही. एक दिवस, दोन दिवस, आठवडा. मास्तर दिवसातून दहा वेळा खण उघडून पत्राकडे बघायचे आणि बंद करायचे. अक्का खिडकीत बसून जुन्याच कपड्यांची बटणं काढून पुन्हा लावत होत्या. महिना संपायला तीन दिवस उरले. मास्तरांनी कोरा कागद घेतला, कारखान्याचा पत्ता लिहिला, आणि त्यांचा हात तिथेच थांबून राहिला. मला ते बघवत नव्हतं, पण गळ्यात असल्यावर तोंड फिरवता येत नाही.

अकराव्या दिवशी सकाळी फोन वाजला. लांबच्या गावाहून एक आई बोलत होती. तिची मुलगी चौदा वर्षांची, डावा खांदा खाली. मास्तर उत्साहाने म्हणाले की मीच मास्तर, बोला, छाती किती, उंची किती. पलीकडून ती म्हणाली की तुम्ही नको, फोटोतल्या बाई आहेत का? मुलीला त्यांच्याशीच बोलायचं आहे. ती तीन दिवस तोच फोटो बघते आहे.

मास्तरांनी फोन अक्कांना दिला. फोनचा आवाज मोठा करून ठेवला होता, म्हणून मलाही ऐकू आलं. मुलीने मापाचं काहीच विचारलं नाही. तिने विचारलं, "तुम्हाला लाज नाही वाटली?"

"वाटली ना," अक्का म्हणाल्या. "साठ वर्षं वाटली. बैस, टेप घे हातात. तुला साठ वर्षं नको लागायला."

आणि त्यांनी मास्तरांच्या गळ्यातून मला ओढून घेतलं, नव्या टेपला नव्हे, मला. फोनवर ती मुलगी आपल्या खांद्यावर टेप धरत होती आणि इकडे अक्का मला आपल्या खांद्यावर धरून एकेक पायरी सांगत होत्या. आधी डावा. मग उजवा. घाई नको. श्वास धरू नकोस. वहीत माप त्यांनीच लिहिलं. मास्तर बाजूला उभे होते आणि त्यांच्या हाताला काम नव्हतं.

फोन ठेवल्यावर मास्तरांनी तो अर्धवट कागद पुढे ओढला आणि एका दमात लिहिलं: तुमची जागा एका माणसाची आहे, आमचं दुकान दोघांचं आहे, क्षमस्व. अक्कांनी कागद हातात घेतला, वाचला, सवयीने उलटा करून पाठही बघितली आणि पाकिटात घातला. मग त्या म्हणाल्या, "महिनाभर वाट बघतेय, बाळ्या, तू मला कधी सांगतोस त्याची. खणात कात्री कोण ठेवतं?" आणि खिडकीत जाऊन बसल्या. मास्तरांनी कात्री उचलली आणि स्वतःच खणात ठेवली. अजून दुकान काही ओसंडून वाहत नाही, पण आठवड्याला तीन-चार फोन येतात आणि बहुतेकांना अक्काच हव्या असतात. मास्तरांना ते थोडं झोंबतं, आणि मला त्यांना झोंबलेलं आवडतं.

तर मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. माझ्यासारख्यांना दाराला बांधू नका, माझ्यावरून उड्या मारू नका. ताणलेला टेप खोटं बोलायला लागतो आणि त्याला स्वतःला ते कळतही नाही. कुणाला भाव विचारायचा झाला तर आधी आपल्याला काय हवं ते घरात बसून मोजून घ्या, आणि ज्यांना विचाराल त्या सगळ्यांना एकच माप द्या. आणि कुणाचं माप घ्यायची वेळ आली, तर दोन्ही खांदे मोजा. एकावरून दुसरा धरून चालू नका.